पाणी एक, वाटेकरी अनेक : शरद ऋतूतील आमचा तलाव

(परिसर अभ्यास. इयत्ता सातवीच्या मुलामुलींनी मिळून लिहिलेला पाठ)



आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने म्हणजे शरद ऋतू. आपल्या गोंदिया जिल्ह्यातून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस परत जातो. आभाळ निळे होते, दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. शेतात हलका धान पिवळा पडतो. भारी धान मात्र अजून हिरवाच, निसवणीला आलेला असतो. याच दिवसांत आपल्या गावात सर्वांत जास्त बोलणे कशाविषयी होते? दिवाळीविषयी? नाही. तलावाच्या पाण्याविषयी! पान ठेल्यावर, चक्कीवर, नळावर एकच प्रश्न ऐकू येतो, "तलावात पानी किती आहे जी?"

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते या पाठात पाहू. यंदाच्या शरदात गावात काय काय घडले तेही सांगू.

तलाव कोणी बांधले?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हे सारे एकच होते आणि भंडारा हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जाई. आजही ओळखला जातो.

तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे लोक फार वाकबगार होते. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना उत्तेजन दिले. जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, असे जुनी माणसे सांगतात. आपल्या जिल्ह्यातील नवेगावबांधचा मोठा तलाव अशाच कोहळी कारागिरांच्या हातचा आहे. पुढे मालगुजारी पद्धत आली, म्हणून या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. पुष्कळ मुलांना वाटते की कोणाच्या तरी मामाने तो बांधला! तसे नाही बरे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. आज १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. म्हणजे आपली शाळा आणि आपला तलाव, दोघांचे पालक एकच! पण पालक दूर गावी राहतो. रोजची काळजी घरच्यांनीच घ्यायची असते.

तलावाचे अवयव

माणसाला जसे हात, पाय, तोंड असते तसे तलावालाही अवयव असतात.

पाळ : मातीचा लांब बांध. हिच्यामुळे पाणी अडते.

तुडुम : पाणी सोडण्याची मोरी. आपल्या तलावाच्या जुन्या तुडुमाला पायरीपायरीने भोके आहेत व ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली आहेत. पाणी जसजसे उतरते तसतशी खालची खुंटी काढतात.

सलंग : जादा पाणी निघून जाण्याची वाट. सलंग बुजली तर पाळ फुटते.

पाट : तुडुमातून निघालेले पाणी शेतापर्यंत नेणारी नाली. आपल्याकडे पाट सगळ्या शेतांपर्यंत जात नाही. पुढे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, धुरा फोडून उतरत जाते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पाण्याचे वाटेकरी कोण?

पहिला वाटेकरी धान. धान निसवत असताना व फुलावर असताना बांधीत पाणी नसले तर लोंबी पोचट राहते. चार महिन्यांची मेहनत आठ-दहा दिवसांत वाया जाते. म्हणून शरदातील हे शेवटचे पाणी सोन्याच्या मोलाचे. दाणा पक्का झाला की मात्र पाणी नको. कापणीच्या साधारण दहा दिवस आधी बांधी कोरडी करतात.

दुसरे वाटेकरी ढीवर बंधू-भगिनी व त्यांचे मासे. रोहू, कतला, मिरगल हे मासे आपल्या तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचे बीज आणून सोडावे लागते. मरळ, शिंगी, मांगूर हे मात्र इथलेच रहिवासी. मरळीचे नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करतात, हे तुम्हांला ठाऊक होते काय? पावसाळ्यात सोडलेले बीज शरदात बोटाएवढे, वीतभर झालेले असते. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकले तरच ते विकण्याजोगे होते.

तिसरा वाटेकरी शिंगाडा. त्याचा वेल पाण्यावर तरंगतो, मूळ खाली चिखलाकडे जाते. आश्विनापासून शिंगाडे निघू लागतात. डोंग्यात बसून, वेल उलटवून एक एक शिंगाडा खुडावा लागतो. त्याची शिंगे बोटात घुसतात. नवरात्रात उपवासाला आपण जे पीठ खातो त्यामागे कोणाची तरी सोललेली बोटे असतात.

चौथी वाटेकरी गावची गुरे. त्यांना जेठ महिन्यापर्यंत इथेच पाणी प्यायचे आहे. गावच्या विहिरींनाही तलावाचाच पाझर आहे.

पाचवे वाटेकरी पाखरे. थंडीची चाहूल लागली की चक्रवाक, थापट्या अशी बदके उत्तरेकडून येतात. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. आणि आपला सारस इथेच राहतो. महाराष्ट्रात सारस मुख्यतः आपल्याच गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत.

आणि सहावा वाटेकरी? तो कोणालाही न विचारता पाणी पितो. तो म्हणजे सूर्य! त्याचा हिशेब पुढे येईल.

यंदाची हकिगत

यंदा भाद्रपदात पाऊस कमी पडला. सलंग एकदाही वाहिली नाही. आश्विन लागला तेव्हा तुडुमाच्या वरच्या दोन खुंट्या उघड्या पडल्या होत्या. खालच्या टोलीकडचा सुमारे १२ हेक्टर भारी धान निसवत होता आणि बांध्यांना भेगा पडू लागल्या होत्या. एका रात्री कोणीतरी पाट फोडला. दुसऱ्या दिवशी नळावर भांडण झाले. तिसऱ्या दिवशी दोन घरांतले बोलणे बंद झाले. आपल्या वर्गातील दोघी मैत्रिणीसुद्धा वेगवेगळ्या रांगेत बसू लागल्या.

मग पाटलांच्या वाड्यासमोरच्या पारावर सभा भरली. गुरुजींनी आम्हांलाही ऐकायला नेले. जे बोलणे झाले ते थोडक्यात असे :

खालच्या टोलीचे काकाजी म्हणाले, "तुडुम आजच खोला. चार दिवस गेले त लोंबीत दाना भरनार नाई. मंग पानी ठेवून का कराल?"

ढीवर टोलीच्या मावशी उठल्या. "तुमचा धान वाचला पाहिजे, आमी का नाई म्हनतो? पन सारे पानी सोडाल त आमचे बीज मरते. संस्थेने पैसे भरून बीज टाकले आहे. शिंगाड्याचे वेलही चिखलात बसतील."

वरच्या टोलीचे एक भाऊ गप्पच बसले होते. त्यांची अडचण सगळ्यांत निराळी होती. पाट त्यांच्या धुऱ्यापाशी संपतो. तिथून पाणी त्यांच्या बांध्यांतूनच खाली जाते. त्यांचा दोन एकर हलका धान पिकून उभा होता. त्यात पाणी शिरले तर पीक लोळेल, लोंब्या भिजतील, दाण्यांना मोड येतील. ते हळूच म्हणाले, "माहा धान कापून होऊ द्या, मंग खुशाल न्या पानी. पन घरी आमी तीनच मानसं. आठ दिवस त लागतीलच."

पाहा, कशी गाठ पडली! एकाला पाणी आज हवे, दुसऱ्याला आठ दिवस नको, तिसऱ्याला सोडायलाच नको. आणि तिघांचेही म्हणणे खरे.

थोडा वेळ कोणी बोलेना. मग एका म्हाताऱ्या आबाजींनी विचारले, "अरे, त्याच्या घरी तीन मानसं, पन गावात किती आहेत?"

सगळे हसले आणि गाठ सुटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खालच्या टोलीचे लोक विळे घेऊन वरच्या टोलीच्या बांधीत उतरले. ढीवर टोलीचेही सहा जण आले. एकूण २१ माणसांनी दिवस मावळायच्या आत दोन एकर धान कापला. एरवी कडपा बांधीतच वाळू देतात, पण यावेळी त्या उचलून उंचावरच्या खळ्यावर नेल्या व तिथेच पसरल्या. एकमेकांच्या शेतात मजुरी न घेता अशी मदत करण्याला आपल्या भाषेत 'इर्जिक' असा जुना शब्द आहे. घरधनी फक्त जेवू घालतो. त्या दिवशी भात, वरण, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. नळावर भांडलेल्या दोन्ही घरच्या काकू एकाच चुलीपाशी बसून वडे तळत होत्या. आधी मुकाट्याने, मग बोलत बोलत!

सभेत ठरलेले नियम असे :

१. तुडुम चार दिवस व चार रात्री खुला राहील.
२. शेवटच्या बांधीला पाणी आधी. तिथून वर वर यायचे. जवळच्याने लांबच्याच्या आधी घ्यायचे नाही.
३. खालून तिसऱ्या खुंटीच्या खाली पाणी उतरू द्यायचे नाही. तेवढे मासे, शिंगाडे व गुरे यांचे.
४. पाटावर रात्री दोघांचा पहारा : एक शेतकरी टोलीचा, एक ढीवर टोलीचा.

चौथा नियम आम्हांला फार आवडला. दोघे वेगवेगळ्या टोलीचे असल्यामुळे कोणावर संशय घ्यायला जागाच उरली नाही. शिवाय रात्रभर गप्पा मारायला सोबत मिळाली.

चला, हिशेब करू

गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर घातला. तुम्हीही वहीत करा.

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५ सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर,
१०,००० × ०.०५ = ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागेल.

१२ हेक्टरला : १२ × ५०० = ६,००० घनमीटर.

पाटातून जाताना वाटेत पुष्कळ पाणी मुरते. निम्मे मुरते असे धरले तर तलावातून १२,००० घनमीटर सोडावे लागेल.

या दिवसांत आपल्या तलावाचे पाणी सुमारे १५ हेक्टरवर, म्हणजे १,५०,००० चौरस मीटरवर पसरलेले होते.
१२,००० ÷ १,५०,००० = ०.०८ मीटर.

म्हणजे एवढ्या साऱ्या धानासाठी तलाव फक्त ८ सेंटिमीटर उतरणार होता! चार बोटांच्या रुंदीएवढा. हे ऐकून बरेच मोठे लोकही चकित झाले. मावशी म्हणाल्या, "एवढेच होय? मंग आमी भीत होतो ते कायला?"

भीती खोटी नव्हती. पाणी शिस्तीने गेले तर ८ सेंटिमीटर. पण जो तो रात्री पाट फोडू लागला, पाणी नाल्याला गेले, की तेच काम दोनदा तीनदा करावे लागते. तलाव हातभर उतरतो आणि शेवटची बांधी कोरडीच राहते.

आता सूर्याचा वाटा. ऑक्टोबरच्या उन्हात तलावाचे साधारण ४ मिलिमीटर पाणी रोज वाफ होऊन जाते. महिन्याचे किती?
४ × ३० = १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर.

आपण शेजाऱ्याशी ८ सेंटिमीटरसाठी भांडत होतो, आणि सूर्य कोणाशी न भांडता १२ सेंटिमीटर पिऊन जातो!

आम्ही पाण्यात एक काठी रोवली होती व तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. तुडुम उघडल्यापासून बंद होईपर्यंत पाणी १० सेंटिमीटर उतरले. त्यातले दीड-पावणेदोन सेंटिमीटर उन्हाचे. उरलेले आमच्या हिशेबाला बरेच जुळले. तिसरी खुंटी पाण्याखालीच राहिली. खालच्या टोलीच्या सगळ्या बांध्या भिजल्या.

बेशरमचे काय करावे?

सूर्याला आपण अडवू शकत नाही. पण तलावाची जागा खाणारे दुसरेही आहेत. एक गाळ. दरवर्षी पावसाबरोबर माती येते, तलाव उथळ होतो. हाच गाळ शेतात टाकला तर खत. २०१७ पासून राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना यासाठीच आहे.

दुसरी बेशरम. जांभळट गुलाबी फुलांचे हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी आहे. ते काठावर माजले की देवधानासारख्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही. पाणवनस्पती गेल्या की माशांना अंडी घालायला आडोसा नाही, पाखरांना खाणे नाही. आपल्या जिल्ह्यातील काही गावांत ढीवर महिलांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासे वाढलेले पाहिले.

आपल्या गावातही कोजागिरीच्या आदल्या रविवारी श्रमदान झाले. बचत गटाच्या महिला, ढीवर संस्थेचे सभासद व शेतकरी मिळून सुमारे १०० पावले काठ साफ केला. यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बेशरम नुसती कापून चिखलात टाकली तर प्रत्येक तुकड्याला मूळ फुटते व एकाची दहा होतात. म्हणून ती मुळासकट उपटून कोरड्या खडकावर वाळत घालतात. तिचा चीक डोळ्याला लागू नये म्हणून मुलांना फक्त पाणी देण्याचे काम होते.

गावच्या आणखी बातम्या

सारसाची जोडी : तलावाखालच्या एका बांधीत सारसाने श्रावणात घरटे केले होते. सुमारे महिनाभर नर-मादींनी पाळीपाळीने अंडी उबवली. शेतमालकाने घरट्याभोवतीचा धान तसाच राहू दिला व कुत्री हाकलत राहिला. आता दोन तांबूस पिले आईबापांच्या मागे चालताना दिसतात. त्यांच्याजवळ धावू नका, लांबूनच पाहा.

कोजागिरी : आश्विन पौर्णिमेला पाळीवर दूध आटवले. यंदा प्रथमच तिन्ही टोल्यांचे दूध एकाच कढईत होते. दुधात पडलेला चंद्र आणि तलावात पडलेला चंद्र, कोणता मोठा यावर लहान मुलांचे भांडण झाले. ते अजून मिटलेले नाही.

शिंगाडे : पहिल्या तोडीचे शिंगाडे ढीवर टोलीतून शाळेला आले. उकडून सर्वांना चार चार मिळाले.

दिवाळी व मंडई : पाडव्याला गायगोधन. गोवारी बांधव ढाल घेऊन येतील. गुरांना तलावावर धुवायचे आहे, तेव्हा काठावर फुटक्या बाटल्या टाकू नयेत. भाऊबीजेनंतर आपली मंडई. रात्री दंडार आहे. पाहुण्यांनी पुंजण्याजवळ विडी ओढू नये, अशी गावकऱ्यांची विनंती आहे.

वर्गातील बातमी : त्या दोघी मैत्रिणी पुन्हा एकाच रांगेत बसतात.

आपण काय शिकलो?

तलावाची पाळ मातीची असते, पण तलाव टिकतो तो शेजारधर्मावर. वरच्याचा धान कापला गेला तेव्हाच खालच्याला पाणी मिळाले. खालच्याने हद्द पाळली म्हणून माशांना पाणी उरले. कोणीही कोणावर उपकार केले नाहीत. सगळ्यांचे पाणी एकच आहे, एवढे ओळखले. पालकहो, पुढच्या वर्षी पाऊस कसा पडेल ते कोणाच्या हाती नाही. पण सभा भांडणानंतर न घेता आश्विन लागताच घेतली तर बरे, असे आम्हां मुलांना वाटते. काठीवरचे माप आम्ही वाचून दाखवू.

नवे शब्द
निसवणे : धानातून लोंबी बाहेर पडणे.
कडपा : कापून आडवी ठेवलेली धानाची मूठ-मूठ रोपे.
पुंजणे : कापलेल्या धानाची रचलेली गंजी.
बोडी : तलावाहून लहान, शेतातले तळे.
पोचट : आत दाणा नसलेले.

स्वाध्याय
१. तुमच्या घरची शेती पाटाच्या सुरुवातीला आहे की शेवटी? शेवटी असती (किंवा सुरुवातीला असती) तर सभेत तुम्ही काय बोलला असता?
२. आपल्या शेतातील बोडीचे पाणी २०० चौरस मीटरवर पसरले आहे. रोज ४ मिलिमीटर वाफ झाली तर १० दिवसांत किती लिटर पाणी जाईल?
३. घरच्या आजी-आबाजींना विचारा : त्यांच्या लहानपणी तुडुम कोण उघडत असे? उत्तर वहीत लिहून आणा. चांगली उत्तरे पुढच्या अंकात याच भिंतीवर लावू.